अर्जदारांची राजधानी

प्रिटोरियाला हौसेनं कुणी जात नाही. दक्षिण आफ्रिकेला निघालेली आपली मंडळी केपटाऊनला टेबल माउंटनवर चढतात, क्रूगर अभयारण्यात पहाटे उठून सिंह शोधतात आणि जोहान्सबर्गला विमान बदलतात. तिथून प्रिटोरिया जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. पण तिकडं पाय वळतात ते कामानं. कुणाला व्हिसा हवा असतो, कुणाला शिक्का, कुणाला सही. मीही एका कागदावर शिक्का घ्यायलाच गेले होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले, एक झेरॉक्स कमी असल्याचं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. मधले दिवस मोकळे मिळाले, त्यात शहर पाहून झालं.

पाहता पाहता एक गोष्ट जाणवत गेली. इथं येऊन गेलेली, ज्यांची नावं आता रस्त्यांना आणि चौकांना दिली आहेत अशी बरीचशी माणसं हातात कागद घेऊनच आली होती. कुणाकडं दाव्याची कागदपत्रं, कुणाकडं निवेदन, कुणाकडं हजारो सह्यांच्या चळती. देशाच्या कारभाराची राजधानी म्हणजे शेवटी अर्ज घेऊन यायची जागा. सही करणारे इथं बसतात.

दक्षिण आफ्रिकेला राजधान्या तीन. संसद केपटाऊनला, सरकार प्रिटोरियाला आणि अपिलाचं न्यायालय ब्लूमफाँटेनला. ही सोय म्हणून केलेली व्यवस्था नाही, तडजोड आहे. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज आणि बोअर, म्हणजे मुख्यतः डच वंशाचे गोरे शेतकरी, एकमेकांशी जिवावर उदार होऊन लढले. तहावर सह्या झाल्या त्या प्रिटोरियातच, मेलरोज हाउस नावाच्या एका देखण्या बंगल्यात, ३१ मे १९०२ रोजी. बरोबर आठ वर्षांनी, ३१ मे १९१० ला, दोन इंग्रज वसाहती आणि दोन पराभूत बोअर प्रजासत्ताकं मिळून एक देश झाला. त्याआधी राजधानी कुणाकडं यावरून बरीच ओढाताण झाली होती. शेवटी तीन शहरांना एकेक तुकडा मिळाला. चौथं, पीटरमारित्झबर्ग, रिकाम्या हाती राहिलं म्हणून त्याला पैसे देऊन गप्प केलं गेलं. देशातल्या काळ्या बहुसंख्य लोकांचं मत या वाटपात कुणी विचारलं नव्हतं.

मराठी माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबर आला की आपलं मंत्रालय फायलींचे गठ्ठे बांधून नागपूरला निघतं, आमदार निवासाची झाडलोट होते आणि अधिवेशन आटोपून सगळे संत्र्यांच्या पेट्या घेऊन परततात. इथं तेच, फक्त अंतर चौदाशे किलोमीटर आणि मुक्काम लांबलचक. मंत्र्यांना दोन्ही शहरांत घरं, वकिलातींच्या चकरा. एवढा खर्च कशाला, सगळं एकाच गावात आणा, अशी चर्चा अधूनमधून उठते. तिचं पुढं काय होतं ते नागपूरकरांना विचारावं.

जोहान्सबर्गहून प्रिटोरियाला यायला आता गाउट्रेन आहे. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या सुमारास तिचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २०११ मध्ये ती प्रिटोरियापर्यंत आली. ताशी १६० किलोमीटर वेग, डब्यात खायला-प्यायला बंदी, च्युइंगगमसुद्धा नाही. प्रिटोरिया स्टेशनवर उतरलं की नव्या काचेच्या इमारतीशेजारी जुनं दगडी स्टेशन दिसतं. ते हर्बर्ट बेकरचं. हा बेकर पुढं पुन्हा भेटणार आहे, आणि आपल्या ओळखीचा निघणार आहे.

पीटरमारित्झबर्गचं स्टेशन आपल्याकडं शाळकरी मुलांनाही माहीत असतं. जून १८९३ ची थंडी, पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवलेले बॅरिस्टर गांधी. पण त्यांना जायचं कुठं होतं? प्रिटोरियाला. दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याच्या दाव्याचं काम तिथं चालू होतं आणि त्यासाठी ते निघाले होते. उतरवलेला माणूस पुढं पोचला का, पोचून त्यानं काय केलं, हे सहसा कुणी विचारत नाही. मला स्टेशनच्या पायऱ्यांवर उभं राहून पहिल्यांदा तेच आठवलं.

ते पोचले. वाटेत घोडागाडीवर मार खाऊन, रविवारी रात्री आठच्या सुमारास. तेव्हाचं स्टेशन वेगळं होतं, दिवे मिणमिणते होते, आणि न्यायला कुणीच आलं नव्हतं. रात्री थांबायचं कुठं? जवळ उभ्या असलेल्या एका अमेरिकन काळ्या गृहस्थानं आपणहून चौकशी केली आणि आपल्या ओळखीच्या एका छोट्या हॉटेलात नेलं. मालक जॉन्स्टन. त्यानं खोली दिली, पण जेवण खोलीतच घ्यावं लागेल म्हणाला, कारण बाकीचे गोरे पाहुणे नाराज होतील. थोड्या वेळानं तो परत आला. त्यानं पाहुण्यांना विचारलं होतं, कुणाची हरकत नव्हती. आता खाली जेवणघरात यावं. गांधींच्या त्या प्रवासातल्या अपमानांच्या गोष्टी आपण पाठ केल्या आहेत, पण जॉन्स्टननं जेवणघरात जाऊन विचारलं ही गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते.

प्रिटोरियात ते जवळजवळ वर्षभर राहिले. इथंच त्यांनी शहरातल्या सगळ्या हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातून आलेल्या, लोकांना एकत्र बोलावून आयुष्यातलं पहिलं जाहीर म्हणता येईल असं भाषण केलं. विषय काय? व्यापारात खरं बोला, घराभोवती स्वच्छता ठेवा, आपापसातले भेद विसरा. पुढं संघटना काढू, सरकारकडं गाऱ्हाणी मांडू, असंही ठरलं. कुणाला इंग्रजी शिकायचं असेल तर मी शिकवीन, अशी तयारी त्यांनी दाखवली, आणि तिघं जण तयार झाले: एक न्हावी, एक कारकून आणि एक लहानसा दुकानदार. त्यांच्या सवडीनं बॅरिस्टर त्यांच्याकडं जाऊन शिकवत. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याची ही सुरुवात मला फार आवडते. न्हाव्याच्या दुकानात बसून व्याकरण.

प्रिटोरिया तेव्हा ट्रान्सवाल या बोअर प्रजासत्ताकाची राजधानी होती. ट्रान्सवालच्या कायद्यानुसार हिंदी माणसाला फुटपाथवरून चालता येत नसे आणि रात्री नऊनंतर परवान्याशिवाय बाहेर पडता येत नसे. रात्रीच्या फिरण्यापुरतं गांधींनी सरकारी वकिलाकडून एक पत्र मिळवलं होतं. फुटपाथचं मात्र नशिबावर होतं. अध्यक्ष पॉल क्रूगर यांच्या घरावरून ते रोज फिरायला जात. घर अगदी साधं, पुढं बाग नाही, शेजारच्या घरांसारखंच. दारात पहारेकरी उभा म्हणून कळायचं की इथं कुणी मोठा माणूस राहतो. एके दिवशी पहारेकऱ्यानं काही न बोलता त्यांना ढकललं आणि लाथ घालून रस्त्यावर उतरवलं. कोट्स नावाचे ओळखीचे गोरे गृहस्थ योगायोगानं तिथून जात होते. त्यांनी साक्ष देतो, फिर्याद करा, म्हटलं. गांधी म्हणाले की त्या बिचाऱ्याला काय कळतं, त्याला सगळे काळे सारखेच. आणि स्वतःच्या तक्रारीसाठी कोर्टात जायचं नाही असं मी ठरवलं आहे.

ते घर अजून आहे. आता ते क्रूगर संग्रहालय. बुटकं, लांबट, पुढं व्हरांडा, दारात दगडी सिंहांची जोडी. ती हिऱ्यांच्या धंद्यातल्या बार्नी बर्नाटो या लक्षाधीशानं दिलेली. रस्त्याचं नाव तेव्हा चर्च स्ट्रीट, आता त्या भागाचं नाव डब्ल्यू. एफ. एनकोमो स्ट्रीट. फुटपाथवर एक आजी शेगडीवर मक्याची कणसं भाजत होत्या. मी एक कणीस घेतलं आणि फुटपाथवरच उभी राहून खाल्लं. मीठ होतं, लिंबू आणि तिखट नव्हतं, त्यामुळं थोडी चुटपुट लागली.

तिथून पूर्वेला काही मिनिटं चाललं की चर्च स्क्वेअर. मधोमध उंच टोपी घातलेला क्रूगर, पायाशी चार बोअर शिपाई. हा पुतळाही बराच फिरला आहे. काही काळ तो स्टेशनसमोर होता, चौकात आला तो १९५४ मध्ये. अलीकडच्या काळात त्याच्यावर रंग फेकला गेला, मग भोवती कुंपण आलं. चौकाच्या एका बाजूला जुन्या प्रजासत्ताकाचं विधानभवन, दुसऱ्या बाजूला न्यायमहाल, आणि मधल्या हिरवळीवर दुपारच्या सुटीत आडवे झालेले लोक. क्रूगरच्या डोक्यावर कबुतरं.

न्यायमहालाच्या दारात मी जरा जास्त वेळ थांबले. मंडेला आणि त्यांच्या सोबत्यांवरचा रिव्होनिया खटला इथं चालला. २० एप्रिल १९६४ ला नेल्सन मंडेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून काही तास बोलले आणि ज्या आदर्शासाठी जगायचं, वेळ आली तर त्याच्यासाठी मरायचीही तयारी आहे, असं सांगून खाली बसले. फाशी होईल अशीच सगळ्यांची समजूत होती. १२ जूनला आठ जणांना जन्मठेप झाली. त्यांत अहमद कथ्राडा होते, हिंदी वंशाचे, तेव्हा वय ३४. आणि डेनिस गोल्डबर्ग होते, एकटे गोरे. बाकी सगळ्यांना रॉबेन बेटावर नेलं, गोल्डबर्गना मात्र प्रिटोरियाच्याच तुरुंगात ठेवलं, कारण तुरुंगातही गोरे वेगळे, काळे वेगळे. वर्णभेद संपवायला निघालेल्या माणसाला शिक्षासुद्धा वर्णाप्रमाणं मिळाली, आणि त्यापायी त्याला २२ वर्षं आपल्या सोबत्यांपासून दूर काढावी लागली.

तो तुरुंगही शहरातच आहे. आता त्याचं नाव क्गोसी माम्पुरू. माम्पुरू हा पेडी लोकांचा राजा, बोअर सरकारनं त्याला १८८३ मध्ये याच शहरात फाशी दिलं. तुरुंगातल्या फाशीघराकडं ५२ पायऱ्या चढून जावं लागे आणि एका वेळी सात जणांना लटकवायची सोय होती. शंभराहून अधिक राजकीय कैदी तिथं संपले. सॉलोमन माहलांगू प्रिटोरियाच्याच मामेलोडी वस्तीतला मुलगा. ६ एप्रिल १९७९ ला त्याला फाशी दिलं तेव्हा त्याचं वय २२ होतं. मामेलोडीकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला आज त्याचं नाव आहे. पूर्वी त्या रस्त्याला हान्स स्ट्रेडोम या पंतप्रधानाचं नाव होतं. या स्ट्रेडोमकडं आपल्याला परत यायचंय.

आता बेकर. शहराच्या उत्तरेला मायन्टजिस्कोप नावाची टेकडी आहे, तिच्या कुशीत युनियन बिल्डिंग्ज. जवळजवळ २८५ मीटर लांब, वाळूदगडाची, दोन टोकांना दोन सारख्या इमारती आणि त्यांना जोडणारी अर्धवर्तुळाकार खांबांची ओळ. दोन बाजू म्हणजे इंग्रज आणि बोअर, मधली कमान म्हणजे त्यांची गळाभेट, असा बेकरचा हिशेब. बांधकाम १९१० ते १९१३. आणि लगेच बेकर निघाला कुठं? दिल्लीला. रायसीना टेकडीवरचे नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉक त्याचेच. तिथंही टेकडी, तिथंही समोरासमोर दोन जुळ्या इमारती, तिथंही उंचावरून खाली पाहणारं सरकार. प्रिटोरियाच्या बागेत खालून वर चालत गेलं की उन्हात तापलेला तो पिवळसर दगड पाहून वाटतं, आपण हे घर आधी कधी तरी पाहिलंय. एकाच माणसानं दोन देशांच्या सचिवालयांचा आराखडा काढला आणि दोन्हीकडं आराखड्यात एक गृहीत सारखं होतं: सरकार वर बसेल, रयत पायऱ्या चढून येईल.

ही इमारत शेवटच्या टप्प्यात होती तेव्हा एक मराठी माणूस प्रिटोरियात अर्ज घेऊन आला होता. गोपाळ कृष्ण गोखले, ऑक्टोबर १९१२ मध्ये केपटाऊनला उतरले. सरकारनं त्यांना रेल्वेचा खास डबा दिला. ज्या देशात हिंदी माणसाला पहिल्या वर्गातून उतरवत होते त्याच देशात! गांधी बरोबर होतेच. जोहान्सबर्गच्या भागात कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातले काही हिंदू राहत होते, त्यांना गोखल्यांचं मराठी ऐकायचं होतं. गांधींनी आग्रह धरला की तुम्ही मराठीत बोला, भाषांतर मी करतो. गोखल्यांनी थट्टा केली: तुमच्या हिंदुस्थानीची खोली मी मोजली आहे, आता मराठीवर प्रभुत्व कधी मिळवलंत? पण ते मराठीत बोलले. गोखले कोतळूकचे, रत्नागिरी जिल्ह्यातले. समोर बसलेल्या कोकणी मंडळींपैकी कितीतरी जणांची गावं त्यांच्या गावापासून फार लांब नसतील. ते भाषण कुणी जसंच्या तसं लिहून ठेवलं असतं तर मी आज युनियन बिल्डिंग्जपेक्षा ते बघायला गेले असते.

१४ नोव्हेंबर १९१२ ला प्रिटोरियात गोखले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स या दोघा जनरलांना भेटले. आदल्या रात्री त्यांनी गांधींकडून हिंदी लोकांच्या परिस्थितीची बारीकसारीक टिपणं करून घेतली, एकेक मुद्दा पुन्हा पुन्हा घोकला. स्वतः झोपले नाहीत, दुसऱ्याला झोपू दिलं नाही. मुख्य मागणी तीन पौंडांचा कर रद्द करा ही होती. करार संपलेल्या गिरमिटिया मजुरानं नाताळ प्रांतात राहायचं तर दरसाल हा कर भरायचा, नाही तर हिंदुस्थानात परत जायचं किंवा पुन्हा गिरमिट लिहून द्यायचं. भेट संपवून गोखले परतले ते प्रसन्न. सगळं मिटलं आहे, वर्षभरात तुम्ही हिंदुस्थानात या, असं त्यांनी गांधींना सांगितलं. गांधींना खात्री वाटली नाही. त्या मंत्र्यांना मी ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. आणि तसंच झालं. १९१३ मध्ये सरकारनं हात वर केले: असं वचन दिलंच नव्हतं.

मग जे झालं त्याची सुरुवात या फिरवलेल्या शब्दात आहे. कस्तुरबा तुरुंगात गेल्या, न्यूकॅसलच्या खाणीतले मजूर संपावर गेले, हजारो माणसं पायी सरहद्द ओलांडायला निघाली. १९१४ मध्ये कर रद्द झाला. गोखल्यांच्या नेमस्तपणावर आपल्याकडं बरंच बोललं जातं. अर्ज-विनंत्यांचं राजकारण म्हणून हसलंही जातं. प्रिटोरियात उभं राहून मला ते हसू तितकं सोपं वाटेना. त्यांचा अर्ज सरकारनं तोंडी मंजूर केला आणि मग नाकारला, म्हणूनच तर खाणीतल्या मजुराला कळलं की शब्द कुणी मोडला.

युनियन बिल्डिंग्जपाशी आलेला सगळ्यात मोठा अर्ज बायकांचा. ९ ऑगस्ट १९५६. काळ्या पुरुषांना शहरात वावरायला पास बाळगावा लागत होता, आता बायकांनाही तो लागू होणार होता. मोर्चाला बंदी होती, म्हणून बायका दोघी-दोघी, तिघी-तिघींनी चालत आल्या. कुणाच्या पाठीला तान्हं बांधलेलं, कुणाच्या डोक्यावर शिदोरी. सुमारे वीस हजार जणी जमल्या. पुढं लिलियन एनगोई, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स: एक काळी, एक गोरी, एक हिंदी वंशाची, एक मिश्र वंशाची. ज्या सरकारनं माणसांचे चार कप्पे केले होते त्याच्या दारात प्रत्येक कप्प्यातली एक बाई निवेदनांचे गठ्ठे धरून उभी राहिली. पंतप्रधान स्ट्रेडोम भेटले नाहीत. कागद कचेरीत ठेवून बायका बाहेर आल्या आणि वीस हजार जणी अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. मग गाणं म्हटलं आणि घरी गेल्या. पास काही रद्द झाले नाहीत. १९६३ पासून ते बायकांवर सक्तीचे झाले आणि सगळ्यांसाठीच ते संपले १९८६ मध्ये. ९ ऑगस्टला आता देशभर सुटी असते.

आणि स्ट्रेडोम? त्याच्या मृत्यूनंतर शहराच्या मध्यभागी त्याच्या नावाचा चौक झाला, त्यात काँक्रीटच्या मोठ्या घुमटाखाली त्याचं प्रचंड मुंडकं बसवलं. धड नाही, फक्त डोकं. २००१ साली एके दिवशी तो घुमट आपोआप कोसळला आणि डोकं फरशी फोडून खालच्या पार्किंगमध्ये गेलं. तारीख ३१ मे. तहाची तारीख, देश जन्मला ती तारीख, आणि १९६१ मध्ये गोऱ्यांचं प्रजासत्ताक जाहीर झालं तीही. बरोबर चाळीस वर्षं झाली होती. कुणी बॉम्ब ठेवला नव्हता, कुणी घण घातला नव्हता. मी देवाधर्माची नाही, पण हे वाचल्यावर दोन मिनिटं विचारात पडले. चौकाचं नाव आता लिलियन एनगोई चौक.

प्रिटोरियाची दुसरी तारीख १६ डिसेंबर. ती पाहायला शहराबाहेरच्या दोन टेकड्या चढाव्या लागतात. १६ डिसेंबर १८३८ ला बोअरांनी गाड्यांचं रिंगण करून झुलूंच्या मोठ्या सैन्याचा पराभव केला. त्यांचा नेता अँड्रीस प्रिटोरियस. त्याच्या मुलानं १८५५ मध्ये शहर वसवलं आणि बापाचं नाव दिलं. त्या लढाईच्या शताब्दीला, १६ डिसेंबर १९३८ ला, फूरट्रेकर, म्हणजे गाड्या जुंपून देशाच्या आत सरकलेल्या बोअरांच्या, स्मारकाची पायाभरणी झाली, १९४९ मध्ये त्याच तारखेला उद्घाटन. चाळीस मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा चौकोनी ठोकळा. आत संगमरवराच्या २७ शिल्पपट्ट्यांवर बोअरांच्या प्रवासाची कथा, आणि छताला एक छिद्र असं काढलेलं की १६ डिसेंबरला भर दुपारी बारा वाजता सूर्याचा किरण तळघरातल्या प्रतीकात्मक समाधीवर पडतो. शिल्पं उत्तम आहेत, हे मान्य करायला जड जातं. त्यांत गोरी माणसं शांत आणि काळी माणसं हिंस्र आहेत.

समोरच्या साल्व्होकोप टेकडीवर फ्रीडम पार्क. तिथं सुमारे ७०० मीटर लांबीची नावांची भिंत आहे. वसाहतीपूर्व लढाया, गुलामगिरी, बोअर युद्ध, दोन्ही महायुद्धं, वर्णभेदाविरुद्धचा लढा, सगळ्यांत गेलेल्यांची नावं. अंगोलात मेलेले क्यूबाचे सैनिकही त्यात आहेत. वर्णभेदी सरकारच्या सैन्यात मेलेली गोरी पोरं मात्र नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी समोरच्या टेकडीवर स्मारकाच्या आवारात वेगळी भिंत उभी राहिली. म्हणजे दोन टेकड्या, दोन भिंती, आणि मधे एक जोडरस्ता. तो रस्ता २०११ मध्ये सुरू झाला. तारीख? १६ डिसेंबरच. १९९५ पासून हा दिवस सलोख्याचा दिवस म्हणून पाळतात. मंडेलांच्या पक्षाची सशस्त्र शाखाही १९६१ मध्ये याच तारखेला मैदानात उतरली होती, तेव्हा दोन्ही बाजूंना तारीख बदलायची नव्हती.

हे सगळं पाहताना पोट भरायचं तर मारबास्टाडला जावं. पूर्वी इथं एशियाटिक बझार होता, हिंदी व्यापाऱ्यांची वस्ती. गटवार वस्त्यांच्या कायद्यानं वर्णभेदी सरकारनं सगळ्यांना उठवलं आणि पश्चिमेला लाउडियममध्ये नेऊन बसवलं. माणसं गेली, पण मरिअम्मनचं देऊळ जागचं हललं नाही. टॅक्सी स्टँडच्या आणि जुन्या कपड्यांच्या ढिगांच्या गर्दीत एकदम तमिळ पद्धतीचं रंगीत गोपुर वर आलेलं दिसतं. इथल्या टपरीवर कोटा घ्यावा: पावाचा चतकोर तुकडा, आत कोरून बटाट्याचे तळलेले काप, मांसाचे तुकडे आणि कैरीचं लोणचं. लोणच्याला इथले काळे लोकही अचारच म्हणतात आणि त्याशिवाय कोटा अपुरा मानतात. गिरमिटियांनी नेलेल्या गोष्टींपैकी ही एक सही-शिक्क्याविना सगळ्यांची झाली.

नीलमोहर राहिला. प्रिटोरियाची जाहिरात त्याच्यावर चालते, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ती खोटी नसते. आर्केडिया, ब्रुकलिन, सनीसाइड, वकिलातींचे सगळे रस्ते वरून जांभळे आणि खालूनही जांभळे. झाडं हजारोंच्या संख्येनं आहेत, आणि पहिली दोन १८८८ मध्ये लावली गेली असं सांगतात. विद्यापीठातली मुलं म्हणतात की डोक्यावर फूल पडलं तर परीक्षा पास. त्यामुळं काही जण वाचनालयाऐवजी झाडाखाली सापडतात. मूळ झाड दक्षिण अमेरिकेचं, आणि आता सरकारी यादीत ते परकं, घुसखोर म्हणून नोंदलं गेलंय. जुनी झाडं राहू दिली आहेत, नवी लावायला मनाई. ज्या शहरात पूर्वी माणसांचे असे तक्ते होते तिथं झाडाचाही तक्ता झाला, पण त्याच्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

युनियन बिल्डिंग्जच्या आत सामान्य माणसाला सोडत नाहीत. बाग सगळ्यांना खुली आहे. १० मे १९९४ ला मंडेलांनी इथं शपथ घेतली, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत वर्णभेदी सरकारच्या हवाई दलात असलेली विमानं नव्या झेंड्याच्या रंगांचा धूर सोडत वरून गेली. २०१३ च्या डिसेंबरात त्यांचा देह इथंच दर्शनाला ठेवला होता. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी नऊ मीटर उंचीच्या पुतळ्याचं अनावरण झालं. (तारीख आता सांगत नाही.) दोन्ही हात पसरलेले, बोट रोखलेलं नाही, मूठ वळलेली नाही. शिल्पकारांनी कानात एक इवलासा ब्राँझचा ससा लपवून ठेवला होता, तो सरकारला नंतर कळला आणि काढायला लावला. शनिवारी तिथं नवरा-नवरी फोटो काढायला येतात आणि मंडेलांच्या तळव्याखाली उभं राहायला रांग लागते.

त्या बागेत अजूनही अर्ज येतात. २३ ऑक्टोबर २०१५ ला विद्यार्थी फीवाढीविरुद्ध आले, हजारोंनी. कुंपणं तुटली, अश्रुधूर झाला, आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी पुढच्या वर्षी फी वाढणार नाही असं जाहीर केलं. वर हिरवळीवर माळी पाइपानं पाणी घालत होता. त्याला मी विचारलं, इतके मोर्चे येतात, त्रास होत नाही का? तो म्हणाला, मोर्चा एका दिवसात जातो, गवत आठवड्यात उठतं. अवघड असतात ते जे राहायला येतात.

तो बोलत होता ते खोईसान लोकांबद्दल. देशातले सगळ्यात जुने रहिवासी. आपल्या भाषांना राजभाषेचा दर्जा द्या, आपल्याला मूळ रहिवासी म्हणून मान्यता द्या, या मागण्या घेऊन त्यांच्यातला एक छोटा गट २०१८ च्या अखेरीला पुतळ्याजवळच्या हिरवळीवर तंबू ठोकून बसला. चूल मांडली, भाजी लावली. वर्षं गेली. जानेवारी २०२२ मध्ये पोलीस आले, ते भाजीत लावलेली गांजाची झाडं उपटून न्यायला. त्यांच्या पुढाऱ्यानं एका झाडाला मिठी मारली आणि झाडासकट त्याला ओढत नेलं. जामिनावर सुटल्यावर तो परत तिथंच येऊन बसला.